दुसरा तायडे-पाइप

सकाळी आठला खड्ड्यापाशी पोचलो, तर फावडी धुऊन, पुसून भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेली. घमेली पालथी. कुदळींच्या दांड्यांना लाल दोरा. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी धुतलेलं फावडं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे आधी बघत राहिलो तो त्या फावड्यांकडेच. खड्ड्यात माणसं नाहीत हे नंतर लक्षात आलं. चहाला गेली असतील म्हणावं, तर पंपाच्या मोटारीवर गोणपाट टाकून वर वीट ठेवलेली. चहाला जाणारा माणूस वीट ठेवत नाही. मी दाबाच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा शून्यावर. वर रुळांवर, रोज रूळ तपासत जाणारा कीमन रामकल्याण खांद्यावर पाना टाकून उभा होता. तो रेल्वेचा माणूस, म्हणून जागेवर होता. "घीसालाल कहाँ है? गैंग कहाँ गई?" मी खालून ओरडलो. "साब, आज तो अमावस है," तो म्हणाला, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटेना असं बघून दया आल्यासारखा दोन पावलं खाली उतरला. "अमावस को मिस्त्री-मजूर औजार नहीं उठाते, साब. पूरे जयपुर में नहीं उठाते. आपको पता नहीं था?" नव्हतं. आठ महिने झाले होते मला जयपूरला येऊन, पण आजवरची कामं रेल्वेच्या स्वतःच्या माणसांकडून झाली होती आणि रेल्वेला अमावास्या नसते. ठेकेदाराच्या गँगबरोबरचं हे पहिलंच काम. सकाळची पाळी आलीच नव्हती आणि रात्रीची पाळी पहाटे फावडी धुऊन निघून गेली होती.

आता अमावास्या मला माहीत नसावी याला कारण आहे, आणि ते कारण मी आजवर अभिमानानं सांगत आलो. आमच्या घरात पंचांग नाही. आबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, नागपूरहून घरी आले, खुंटीवरचं पंचांग काढून आईच्या हातात दिलं आणि आईनं ते चुलीत घालून वर भाकरी टाकली. भाकरी झकास फुगली होती म्हणे. तेव्हापासून आमच्या भिंतीवर फक्त युनियनचं कॅलेंडर, तारखा आणि सुट्ट्यांचं. ऑफिसात कुणी स्कूटर घ्यायच्या आधी तिथी बघायला लागला की मी त्याला विचारायचो, पेट्रोल तरी तिथी बघून भरतोस का? लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं. पण पौर्णिमा मात्र आमच्या घरात चुकत नाही. आई पांढरं लुगडं नेसून विहारात जाते. पंधरवड्यापूर्वीच बुद्धपौर्णिमा झाली, बायकोनं, म्हणजे आनंदीनं, खीर केली, मी दोन वाट्या खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप ढकलायला सुरुवात केली. म्हणजे पौर्णिमा माहीत होती, त्यानंतरचे दिवस माहीत होते, फक्त चौदा-पंधरापर्यंत मोजायचं होतं. टनांचे हिशेब दशांशापर्यंत करणाऱ्या माणसाला बोटांवर पंधरा मोजता आले नाहीत. मे महिन्याचं ऊन एव्हाना मानेवर बसायला लागलं होतं, आणि रामकल्याण अजून माझ्याकडे त्याच दयेनं बघत होता.

काम काय होतं तेही सांगतो, नाहीतर मी एवढा का घाबरलो ते कळणार नाही. मालवीय नगरच्या मागून जाणाऱ्या रुळांखालून सांडपाण्याचा पाइप न्यायचा होता. गाड्या बंद ठेवून रूळ खणता येत नाहीत, म्हणून एका बाजूला खड्डा करायचा, त्यात सिमेंटचे मोठे पाइप एकामागे एक लावायचे, आत माणूस बसून पुढची माती कोरतो, आणि मागून जॅक लावून सगळी रांग पुढे ढकलायची. जॅकच्या पाठीशी काँक्रीटची भिंत. जॅक पाइपाला पुढे रेटतो तेवढाच भिंतीला मागे रेटतो. भिंत दोनशे चाळीस टन सोसेल असा माझा हिशेब, माझ्याच सहीचा. त्यापुढे भिंत गेली की संपलं. पाइप जितका आत जातो तितकी जास्त माती त्याला कवटाळते आणि तितका जोर जास्त लागतो. त्यात वर जेमतेम माणूसभर माती. समोरची माती न कोरता नुसता जोर लावला तर पाइप पुढे जायचा सोडून वरचे रूळ उचलेल, आणि त्या रुळांवरून वीसच्या गतीनं का होईना, दिवसाला चाळीस गाड्या जात होत्या. या सगळ्यात पहिला नियम एकच, थांबायचं नाही. दोन-चार तास ठीक. पण पाइप दिवसभर थांबला की माती त्याला घट्ट धरते, आणि मग जो पाइप काल दीडशे टनांत हलत होता तो आज अडीचशेतही हलत नाही. अडतीस मीटरपैकी चोवीस मीटर झाले होते. पाइपाचं तोंड बरोबर मधल्या रुळांखाली होतं.

गँगच्या मुकादमाला, घीसालालला, मोबाइल लावला. मागे ढोलक वाजत होता. "साब, औजार तो आज कोनी उठावां. पुरखों से चला आ रहा है. कल सवेरे पाँच बजे हाजिर." मी त्याला मातीचं विज्ञान सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिट्टी भी तो आज आराम करेगी, साब." ठेकेदाराचा फोन बंद होता. मग नाइलाजानं साहेबांना लावला. साहेब सज्जन माणूस, ओरडत नाहीत. ते गमतीनं बोलतात, त्यापेक्षा ओरडलेले परवडले. "बघा काय करता येतं ते, तायडेजी," ते म्हणाले, "बस दूसरा तायडे-पाइप नहीं होना चाहिए." आणि हसले. मीही हसलो. या वाक्यावर अठरा वर्षं मी हसत आलो आहे. फोन ठेवून मी पालथ्या घमेल्यावर बसलो, आणि बुडाला चटका बसला म्हणून उठलो.

तायडे-पाइप म्हणजे मी विदर्भातल्या एका लहान स्टेशनाजवळ रुळांखाली कायमचा ठेवून आलेला पाइप. तो अजून तिथंच आहे. दोन्ही तोंडं काँक्रीटनं बुजवलेली. त्याच्यातून पाणी जात नाही, माणूस जात नाही, काही म्हणजे काही जात नाही. नवीन इंजिनियर आला की त्याला तो दाखवतात, आणि आपण जसं किल्ल्यावर दरवाजाचं नाव सांगतो तसं सांगतात, हा तायडे-पाइप. निरोप-समारंभात एकदा एका वक्त्यानं सांगितलं, तायडे साहेबांचं कार्य आपल्या पायाखाली दडलेलं आहे. टाळ्या पडल्या. शेवटी मी बदली मागून घेतली, झोनच बदलला, म्हटलं राजस्थानात कुणाला काय माहीत. तर माझ्या सामानाचा ट्रक यायच्या आधी ते नाव येऊन पोचलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं दहा महिने. आज हा पाइप अडकला असता तर दोन वेगळ्या राज्यांत, दोन वेगळ्या झोनमध्ये एकेक पाइप पुरून ठेवणारा मी देशातला एकमेव माणूस ठरलो असतो, आणि माझ्या मरणानंतरही चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं असतं, तायडे? म्हणजे ते पाइपवाले?

बाराच्या सुमाराला घरी फोन केला तो जेवायला येत नाही एवढं सांगायला. फोन आनंदीनं घेतला, तिनं कारण विचारलं, मी सांगितलं, आणि तिच्या हातून फोन गेला हे मला आईच्या श्वासावरून कळलं. आई फोनमध्ये आधी श्वास घेते, मग बोलते. "काऊन रे शाम्या? जेवाले काऊन येत नाही?" मी पुन्हा सांगितलं. "माणसं गेली अमावसेले? मंग आपल्याले कुठं अमावस हाये? मी येतो." मी म्हणालो, आई, वय काय तुझं. ती म्हणाली, "रुळात खडी कोणी टाकली व्हती मंग? तुह्या सायबानं?" हे खरं होतं. आबा गँगमन होते आणि आई उन्हाळ्याच्या उन्हाळ्यात रोजंदारीवर खडी वाहायची. अर्ध्या तासात रिक्षातून तिघी उतरल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, तिच्या हाताला धरून आनंदी, आणि मागे आमची लेक मयूरी, कोचिंग बुडवलं म्हणून भलतीच खूश. डबा, सुरई, कांदा, आणि आईनं डोक्याला बांधायला आणलेला आबांचा जुना पंचा. रामकल्याणनं वरून हात जोडून "राम राम, माताजी" म्हटलं. आईनं जयभीम घातला. त्यानंही जयभीम म्हटलं आणि विषय मिटला.

"बाबा, मतलब हे अलाउड आहे?" मयूरीनं विचारलं. माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. नियमावली मला पाठ आहे. खड्ड्यात लहान मुलं, जनावरं आणि दारू प्यालेली माणसं यांना मनाई आहे. कुटुंबाबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याला ते सुचलं नसणार. पंपाच्या मोटारीची किल्ली ऑपरेटर घेऊन गेला होता. पण विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या ज्या वर्कशॉपमधून जॅक भाड्यानं आणले होते, त्यानं बरोबर जुना हातपंपही दिला होता, लांब दांड्याचा. मी तो जोडला. समोर रात्रीच्या पाळीनं बोटभर माती कोरून ठेवलेली होती, पाइप हलतो का तेवढंच बघायचं होतं. एका बाजूला आई, एका बाजूला मी. मयूरी काट्यापाशी. सगळं शिक्षण हिंदी शाळेत झाल्यामुळे तिला मराठीत शंभराच्या पुढचे आकडे पटकन येत नाहीत म्हणून ती हिंदीत वाचणार असं ठरलं. "सौ. एक सौ तीस. डेढ सौ." काल संध्याकाळी एवढ्या दाबालाच पाइप हलत होता. "एक सौ अस्सी." आईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. "दो सौ. बाबा, दो सौ दस." पाइपावर खडूनं मारलेली रेघ होती तिथंच होती. दोनशे वीसला मी हात थांबवला. "मारू का अजून?" आई म्हणाली. मी नको म्हणालो. अठरा वर्षांपूर्वी काटा असाच चढला होता, आणि तेव्हा मी हात थांबवला नव्हता. तेव्हा मी अजून, अजून म्हणत गेलो आणि भिंत पाठीमागून तडकली होती. तो आवाज मी अजूनही कधी कधी जेवताना ऐकतो.

तेवढ्यात पलीकडून आनंदीचा आवाज आला. "अहो, हे काय आहे?" ती पिंपापाशी उभी होती. त्या पिंपात बेंटोनाइट असतं. ती एक चिकणमाती; पाण्यात कालवली की गुळगुळीत होते, आणि पाइपाच्या अंगाला असलेल्या बारीक भोकांतून ती बाहेर सोडली की पाइप आणि माती यांच्यामध्ये तिचा थर बसतो, पाइप सरकतो. आनंदीनं हात कोपरापर्यंत आत घातला होता आणि मुठीत काहीतरी धरून वर काढलं होतं. लिंबाएवढा गोळा. तिनं तो फोडला. बाहेरून ओला, आत कोरडी पूड. "सगळ्या गाठीच गाठी! असं पिठलं केलं असतं तर आत्याबाईंनी मला पहिल्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. पिठावर पाणी ओतलं का हो कुणी?" मी म्हणालो, तशीच पद्धत आहे. "कुणाची पद्धत?" आईही उठून बघायला आली, एक गोळा हातात घेऊन तिनं तो नाकाशी नेला आणि परत पिंपात टाकला. तिचं मत तिला बोलून दाखवावंसंही वाटलं नाही.

पद्धत माझी होती. आधी पोतं ओता, मग पाणी सोडा, मग ढवळा. हे मी पहिल्या पाइपाच्या वेळी स्वतःच्या अक्षरात लिहून खड्ड्याच्या पत्र्यावर चिकटवलं होतं, पुढे त्याच्या झेरॉक्स काढल्या, आणि घीसालालच्या गँगलाही पहिल्या दिवशी मीच वाचून दाखवलं होतं. आनंदीनं मला हातानं बाजूला केलं. रिकाम्या पिंपात तिनं आधी पाणी घेतलं, मयूरीला काठी घेऊन गोल ढवळत राहायला सांगितलं आणि पूड चाळणीतून भुरभुरावी तशी बोटांतून सोडत गेली. "थांबवू नकोस गं हात. एकाच दिशेनं. हं." शेवटी ती म्हणाली, आता दोन तास भिजू दे, लगेच वापरलं तर पोटात जाऊन फुगेल. कुणाच्या पोटात ते मी विचारलं नाही. जेवायला बसलो. आईनं कांदा बुक्कीनं फोडला. पत्र्याच्या सावलीत लूची गरम झळ तोंडावर येत होती, वरून गाडी गेली की भाकरीवर धूळ पडत होती, आणि मी चावत होतो पण चव लागत नव्हती. माझं लक्ष त्या लिंबाएवढ्या गोळ्याकडे जात होतं. तो आनंदीनं खड्ड्याच्या कडेला ठेवला होता आणि उन्हात तो पांढरा पडत चालला होता.

ते दोन तास मी पाइपाच्या आत काढले. समोरची आणखी वीतभर माती कोरल्याशिवाय ढकलत राहणं धोक्याचं होतं आणि ती कोरायला माझ्याशिवाय कोण होतं? सत्तावन्न वर्षांचा माणूस चोवीस मीटर गुडघ्यांवर रांगतो तेव्हा त्याला स्वतःविषयी बऱ्याच गोष्टी कळतात, पहिली म्हणजे त्याचं पोट. आत गारवा होता. मयूरी बाहेरून दोरीनं मातीची गाडी ओढत होती आणि दर खेपेला "बाबा, जिवंत?" असं विचारत होती. डोक्यावरून गाडी गेली. पहिल्यांदा दातांत कळते, मग कानांत. मी कुदळ टाकून बसलो आणि जे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही ते माझ्याशेजारी येऊन बसलं. त्या पहिल्या पाइपाच्या वेळी मी तीन दिवस रजेवर होतो. आबा गेले होते. सोमवारी संध्याकाळी निरोप आला, मी निघालो, माझ्यामागे काम थांबलं, गुरुवारी परत आलो तर पाइप धरलेला. चौकशीत मी रजेचं कारण वैयक्तिक असं लिहिलं. पण कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, तुमचा काय दोष, वेळच तशी आली. मी मान हलवायचो. मनातल्या मनात मात्र म्हणायचो, वेळ आली नाही, आबांनी आणली. आठवडाभर थांबले असते तर पाइप पलीकडे गेला असता. जन्मभर रुळांवर काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? आबांच्या फोटोला दरवर्षी हार घालताना माझा हात किंचित आखडायचा, आणि फोटोतले आबा नेहमीप्रमाणे गँगच्या लायनीत उभे असल्यासारखे समोर बघत असायचे. मी त्यांच्यावर रागावलो होतो. अठरा वर्षं. लाज वाटते सांगायला, पण तो राग मला उपयोगी पडत होता.

बसल्या बसल्या पाइपाच्या अंगाचं एक भोक माझ्या बोटाला लागलं. बेंटोनाइटचं भोक. मी त्यात लोखंडी तार घातली. तार बोटभर गेली आणि अडली. जोर दिला तर आतून एक गोळी निघाली, वाटाण्याएवढी, फोडली तर आत कोरडी पूड. दुसऱ्या भोकात तसंच. तिसऱ्यात, चौथ्यात, दहाव्यात तसंच. चौदा दिवस आम्ही पाइपाला नुसतंच कोरडं रेटत होतो. मी तार घेऊन एकेक भोक मोकळं करत मागे सरकायला लागलो, आणि अर्ध्या वाटेवर हात थांबला. त्या पहिल्या पाइपाच्या वेळी, गुरुवारी परत आल्यावर, मी स्वतः पंप लावून बेंटोनाइट सोडायचा प्रयत्न केला होता. भोकांतून थेंब जाईना. मी अहवालात लिहिलं होतं, बाहेरची माती घट्ट बसल्यामुळे मिश्रण स्वीकारत नाही. माती स्वीकारत नाही! इतक्या ऐटदार भाषेत मी ते लिहिलं होतं की साहेबांनी त्याखाली रेघ मारली होती. मातीचा संबंधच नव्हता. भोकं बुजली होती, माझ्या पत्र्यावर चिकटवलेल्या पद्धतीनं, मी रजेवर जायच्या कितीतरी आधीपासून. तीन दिवस थांबल्यानं पाइप धरला हे खरं, पण नीट वंगण मिळालेला पाइप तीन दिवस थांबूनही सुटतो, हे पुस्तकात दिलंय, मीच शिकाऊ मुलांना शिकवतो. मी तिथं अंधारात गुडघ्यांवर बसून राहिलो. राग नेहमीच्या जागी आहे का म्हणून चाचपला, तर तो जागेवर नव्हता, आणि त्याच्या जागी काय आहे ते कळायच्या आत मयूरीनं दोरी ओढली आणि मातीची गाडी माझ्या नडगीवर आली.

बाहेर आलो तेव्हा साडेतीन झाले होते. आनंदीनं पिंपातलं मिश्रण पळीनं वर घेऊन खाली सोडून दाखवलं. सलग धार पडली, मध्ये तुटली नाही. ते आम्ही लहान पंपानं आत सोडलं. या वेळी गेलं. घटाघटा गेलं, अर्धं पिंप संपेपर्यंत जातच राहिलं. मग मी रामकल्याणला वर रुळांची पातळी बघायला सांगितलं, आईच्या समोर दांड्यापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, हळू. आता घाई नाही. "एक सौ," मयूरी म्हणाली. "डेढ सौ. एक सौ नब्बे." रेघ जागेवर. "दो सौ पाँच." "सब ठीक है साब," वरून आवाज आला. दोनशे दहाला मी आईचा हात धरला. "बस. आता नुसतं धरून थांबायचं." आई म्हणाली, थांबायचं कसं, फोनवर तर तू पाइप थांबू द्यायचा नाही म्हणत व्हता. मी म्हणालो, दाब सोडायचा नाही पण वाढवायचाही नाही. आनंदी, तू अजून सोड. आनंदी पंप मारत राहिली. पलीकडच्या कोचिंग क्लासातल्या मास्तरचा माइकवरचा आवाज ऐकू यायला लागला. मग मयूरी म्हणाली, "बाबा, खराब झालं वाटतं. काटा खाली येतोय." मी बघितलं. दोनशे दहा. दोनशे. एकशे नव्वद. कुणी हात लावलेला नव्हता. काटा आपणहून खाली येतो तेव्हा एकच अर्थ असतो, समोरचं सरकलेलं असतं. खडूची रेघ एक बोट पुढे गेली होती. मग आम्ही पंप मारला आणि ती दोन बोटं गेली, मग तीन, आणि काटा एकशे वीसवर येऊन राहिला. चौदा दिवसांत इतका कमी दाब मी पाहिला नव्हता. मयूरी नाचली. आनंदीनं पदरानं तोंड पुसलं तर तोंड पांढरं झालं. रामकल्याण वरून ओरडला, रूळ जागच्या जागी.

आई पंप मारतच होती. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. मी तिच्यासमोर दांडा धरून उभा होतो, वर-खाली होत होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तो पाइप आबांमुळं नव्हता अडकला." "कोणता पाइप?" मग मी सांगितलं. पंपाच्या तालावर, तुटक तुटक, सगळं सांगितलं. तीन दिवसांची रजा, गोळ्या, भोकं, आणि मी अठरा वर्षं त्यांच्यावर धरलेला राग. सांगताना वाटत होतं की आता ही दांडा सोडून मला कानाखाली मारणार, आणि मी ती खाल्लीही असती. आईनं दांडा सोडला नाही. तिनं डोक्याचा पंचा एका हातानं नीट केला. "तो मेला तवा चुलीवर मटण व्हतं," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी आणलं व्हतं. एकाच्याबी तोंडी गेलं नाही. मले का कमी राग आला? आठ दिवसांनी उतरला. तू अठरा वर्सं धरून बसला?" तिनं दोन दणके मारले. "अन् त्याच्यावर कायले? त्यानं तर बजावलं व्हतं मले. धड बोलता येत नव्हतं, तरी बजावलं. शाम्याले कळवू नको म्हणे, त्याचा पाइप चालू हाये. मीच कळवलं. नवरा मेल्यावर पोरगा दारात पाह्यजे म्हनून कळवलं. तवा आता धरायचाच असंन तर माह्यावर धर राग. पण हात चालू ठेव."

मला दांडा दिसेना. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण आई तिकडून ओढत होती आणि मी सोडला असता तर ती पडली असती. म्हणून तसाच पंप मारत राहिलो, नाक ओढत, लहान पोरासारखा, आणि तेवढ्यात मयूरीनं काटा वाचला, या वेळी मराठीत, चाचरत, एकशे... पंधरा.